औषधाचं बिल आणि घरातलं दुखणं

प्रश्न : सर, निफाड तालुक्यात आमची दोन एकर द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला की मिस्टर एक दिवसाआड फवारणी करतात, दुकानदार देईल ती तीन-चार औषधं एकत्र करून. संध्याकाळी डोकं धरून बसतात, दरदरून घाम येतो, अंधुक दिसतं, तरी म्हणतात ऊन लागलं. दुकानाची उधारी पण वाढत चाललीय. काय करू?

उत्तर : ताई, उधारीचं नंतर बघू, आधी त्यांना डॉक्टरकडे न्या. किडी मारायच्या ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या औषधाची बाधा झाली की घाम, डोकेदुखी, मळमळ, अंधुक दिसणं असंच सगळं होतं आणि आपण ते उन्हावर ढकलतो. जाताना मारलेल्या औषधांचे डबे सोबत न्या, कोलिनइस्टरेजची (ही औषधं रक्तातलं जे एन्झाइम दाबतात त्याची) रक्ततपासणी करायची का ते विचारा. 2017 ला यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना विषबाधा होऊन 20 च्या वर माणसं गेली, म्हणून म्हणतो अंगावर काढू नका.

आणि तुमचं स्वतःचं पण बघा. ब्लोअरवरून, म्हणजे फवारणीच्या ट्रॅक्टरवरून, उतरल्यावर तो ओला शर्ट बादलीत पोरांच्या कपड्यांसोबत भिजतो ना? औषध कातडीतून आत जातं, त्यामुळे ते कपडे वेगळे, हातमोजे घालूनच धुवायचे आणि त्यांनी आंघोळ केल्याशिवाय जेवायला बसायचं नाही.

आता पैशाचं. डब्यावरचं मोठं नाव सोडा, खाली बारीक अक्षरात टेक्निकल, म्हणजे आतल्या मूळ औषधाचं नाव असतं ते वाचा, कितीदा दोन कंपन्यांच्या दोन डब्यांत एकच टेक्निकल निघतं, म्हणजे पैसे दुप्पट आणि विष पण दुप्पट. डावणीला, म्हणजे द्राक्षावरच्या त्या बुरशीच्या रोगाला, पान ओलं राहिलेलं लागतं, म्हणून फुटींची विरळणी (जादा कोवळ्या फुटी काढणं) वेळेवर करा, बागेत वारं खेळलं की पान लवकर सुकतं आणि फवारण्या आपोआप कमी होतात. त्याची मजुरी जाते हे खरं, पण ती गावातल्याच माणसाच्या हातात जाते.

माल एक्स्पोर्टला द्यायचा असेल तर अजून जपा. 2010 ला सीसीसीचा अंश सापडला म्हणून युरोपात आपल्या द्राक्षाचे कंटेनर अडकले होते, आणि ते काही कीडनाशक नव्हतं, फुटीची वाढ रोखायचं औषध! माल चांगला असून बागायतदार कर्जात गेले. पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या द्राक्ष संशोधन केंद्राची यादी असते, कुठलं औषध काढणीआधी किती दिवस बंद करायचं ते त्यात दिलेलं असतं, ती मिळवा आणि दुकानात जाताना सोबत ठेवा. तारीख, औषध, प्रमाण हे वहीत तुम्हीच लिहा, मिस्टरांना दमून आल्यावर आठवणार नाही.

या छाटणीपासूनची बिलं आणि प्रत्येक डब्याचं टेक्निकल नाव मला लिहून पाठवा, त्यातलं काय गाळता येईल ते मी सांगतो. पण डॉक्टरकडे उद्याच जा.