‘सरांना भागीदार करू का?’

‘मी उभा केलेला व्यवसाय, आणि त्यात मीच परकी झाले तर?’ ही भीती घेऊन माझ्याकडे सल्ल्याला येणारे व्यावसायिक पुष्कळ असतात. काम वाढलेलं असतं, एकट्याने रेटवत नाही, एखादा अनुभवी माणूस भागीदार म्हणून घ्या असं चारी बाजूंनी सांगितलं जात असतं आणि मालकाची झोप उडालेली असते. अशाच एका बाईंची ही गोष्ट. त्यांच्या परवानगीने सांगते आहे, ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

यंत्रांचे सुटे भाग पुरवणं आणि दुरुस्ती, असा त्यांचा व्यवसाय. 9 वर्षांत 6 माणसांची 41 झाली होती. आमच्या पहिल्या तासात त्यांनी फोन टेबलावर पालथा ठेवला होता. तो 7 वेळा थरथरला. सातव्यांदा त्यांनी उचललाच. गोदामातून विचारत होते, जुन्या लेबलची खोकी पाठवली तर चालतील का. ‘चालतील,’ म्हणाल्या, आणि माझ्याकडे वळून, ‘बघा, माझ्याशिवाय पान हलत नाही.’ आवाजात तक्रार होती. थोडा अभिमानही होता, आणि तो असणारच. नऊ वर्षं रक्त आटवलेलं असतं.

ज्यांना भागीदार करायचं मनात होतं ते त्यांचे पहिले साहेब. पहिल्या नोकरीत बाईंनी त्यांच्या हाताखाली काम शिकलं होतं. ते आता मोठ्या कंपनीतून मोकळे झाले होते, अनुभव दांडगा, माणूस सचोटीचा. बाईंनी त्यांना 50 टक्के द्यायचं जवळजवळ कबूल केलं होतं.

‘पन्नासच का?’ मी विचारलं.

‘सरांना कमी कसे देणार?’

घोडं नेमकं कुठे अडलंय ते मला या उत्तरात दिसलं. आकडा व्यवसायाच्या हिशेबातून आलाच नव्हता. तो आदरातून आला होता, आणि बराचसा थकव्यातून. रात्री अकराला ऑफिसातून निघताना माणसाला अर्धं राज्य देऊन टाकावंसं वाटतं. त्या वेळी कुणालाही काही कबूल करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मी त्यांना एक कोरा कागद दिला. तीन रकाने पाडायला सांगितले. कोणते निर्णय तुमचे एकटीचे राहतील, कोणते दोघांनी मिळून घ्यायचे, आणि कोणते सर तुम्हाला न विचारता घेतील. पहिला रकाना भराभर भरला. दुसऱ्यात पाच-सहा ओळी आल्या. तिसऱ्याशी पेन थांबलं. त्यांनी ‘खरेदी’ लिहिलं, खोडलं. ‘नवीन माणसं घेणं’ लिहिलं, तेही खोडलं. दहा मिनिटांनी तो रकाना रिकामाच होता. अर्धी मालकी द्यायला तयार असलेल्या बाईंना एक निर्णय सोडवत नव्हता. त्यांनी कागदाकडे पाहिलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाईट वाटलं, पण हा कागद करारानंतर वर्षभराने समोर आला असता तर फार महागात पडलं असतं.

पुढच्या वेळी त्या एक उदाहरण घेऊन आल्या. ‘गूगलनेही 2001 मध्ये बाहेरून अनुभवी माणूस आणलाच ना?’ आणला. एरिक श्मिट प्रमुख म्हणून आले, दोन्ही संस्थापक तिथेच राहिले, आणि त्यांच्यातले लॅरी पेज 2011 मध्ये पुन्हा प्रमुख झाले. पण अॅपलही आठवा. तिथे संस्थापक स्टीव्ह जॉब्जनी 1983 मध्ये जॉन स्कली यांना प्रमुख म्हणून स्वतः मनवून आणलं, आणि 1985 मध्ये जॉब्जनाच बाहेर पडावं लागलं. दोन्हीकडे आलेला माणूस मोठाच होता. मोठ्या माणसाचं नाव ऐकून आपल्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही, एवढंच मी त्यांना म्हटलं, आणि आम्ही पुन्हा त्या कागदाकडे वळलो.

तिसऱ्या भेटीला सरांनाही बोलावलं. मला वाटलं होतं, ते अधिकार मागतील. ते म्हणाले, ‘मला तिथे शोभेचा म्हातारा म्हणून बसायचं नाही. सही मागायला येतील आणि निर्णय आधीच झालेला असेल, असं नको.’ बाई चकित झाल्या. इतके दिवस त्या स्वतःच्याच भीतीत बुडालेल्या होत्या, समोरच्यालाही भीती असेल हे त्यांच्या मनातच आलं नव्हतं.

त्या दिवशी मी आणखी एक विचारलं. बँकेच्या कर्जाला वैयक्तिक हमी कुणाची आहे? बाईंची एकटीची. पन्नास टक्के झाल्यावर? दोघंही गप्प. मग सर प्रांजळपणे म्हणाले की या वयात त्यांना घर गुंतवायचं नाही. त्यांचं काहीच चुकत नव्हतं. पण म्हणजे नफा अर्धा-अर्धा आणि बुडालं तर घर एकटीचं. हे दोघांनीही उच्चारलेलं नव्हतं, कारण एकमेकांचा मान राखायचा होता. मान राखण्याच्या नादात भागीदारीतले सगळ्यात अवघड प्रश्न मागे राहतात, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता पहिल्या महिन्यातच विचारते. मतभेद झाला तर शेवटचा शब्द कुणाचा? पन्नास-पन्नासमध्ये तो कुणाचाच नसतो. कुणी आजारी पडलं, वारलं, तर हिस्सा कुणाकडे? सोडून जायचं ठरलं तर किंमत कशी काढायची? ती पद्धत आजच लिहून ठेवा, कारण भांडणानंतर दोघांचे आकडे कधीच जुळत नाहीत. साध्या भागीदारीत एका भागीदाराने धंद्यासाठी घेतलेलं देणं सहसा दुसऱ्यावरही बसतं, म्हणून वकील आणि हिशेबनीस दोघांकडे जाणं मी सक्तीचं करते. ते काम माझं नाही.

ठरलं ते असं. आधी 6 महिने सरांनी मानधनावर काम करायचं, हिस्सा नाही. वसुली आणि खरेदी पूर्ण त्यांच्याकडे.

तिसऱ्या आठवड्यात एका जुन्या ग्राहकाचं बिल 120 दिवस थकलं म्हणून सरांनी माल थांबवला. ग्राहकाने थेट बाईंना फोन केला. ‘ताई, आपले इतक्या वर्षांचे संबंध...’ आणि बाईंनी माल सोडायला सांगितलं. संध्याकाळी सरांना ते गोदामातल्या मुलाकडून कळलं. ते काही बोलले नाहीत, बॅग उचलून घरी गेले. त्या रात्री बाईंचा मला फोन आला. ‘मी सवयीने बोलून गेले हो.’

खरंच सवयीनेच. मी त्यांना दोष दिला नाही. पण एक सांगितलं की माफी खोलीत बोलावून मागून भागणार नाही. त्या मुलाने पाहिलंय की सरांचा शब्द ताई फिरवू शकतात. उद्यापासून सगळे तुमच्याकडेच येतील, सर असून नसल्यासारखे होतील. दुसऱ्या दिवशी बाई गोदामात गेल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, ‘काल मी सरांचा निर्णय फिरवला, ते चुकलं. वसुलीचं सर सांगतील ते अंतिम.’ पाय थरथरत होते, असं नंतर मला म्हणाल्या. दोन महिन्यांनी त्याच ग्राहकाचा पुन्हा फोन आला, तेव्हा त्यांनी ‘सरांशी बोला’ एवढंच म्हटलं आणि फोन ठेवला. पैसे आठवडाभरात आले.

सहा महिन्यांनंतर 15 टक्क्यांवर करार झाला. तो हिस्साही एकदम नाही, 4 वर्षांत थोडा थोडा, आणि पहिलं वर्ष पुरं होण्याआधी सर निघाले तर काहीच नाही. हमी बाईंचीच राहिली, म्हणून शेवटचा शब्दही त्यांचा. पन्नासावरून पंधरावर येण्याची गोष्ट बाई बोलायला घाबरत होत्या, ती सरांनीच काढली. ‘पन्नासात मला झोप लागली नसती,’ म्हणाले.

परवा बाई सहज भेटायला आल्या होत्या. तो कागद अजून त्यांच्या पर्समध्ये आहे. तिसऱ्या रकान्यात आता चार ओळी आहेत, त्यातली एक सरांच्या अक्षरात. मागच्या आठवड्यात सरांनी दुसरं गोदाम घ्यायचा प्रस्ताव आणला होता. बाईंनी आकडे पाहिले, थोडा वेळ घेतला आणि म्हणाल्या, ‘सर, हे आत्ता नको.’

‘मग?’ मी विचारलं.

‘मग काही नाही. त्यांनी फाईल मिटली आणि म्हणाले, बरं, मार्चनंतर पाहू.’