परतीच्या पावसाचा आठवडा

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

राजूरला हजर झालीस, खोलीही मिळाली, हे वाचून बरं वाटलं. पाण्याची तक्रार प्रत्येक नवा सहायक कृषी अधिकारी करतो, त्यामुळे तिच्यावर काही लिहीत नाही. पण 'जिल्ह्याचा अंदाज रोज सकाळी ग्रुपवर टाकते, म्हणजे हवामानाचं काम उरकतं' असं जे लिहिलं आहेस, त्यावर मात्र लिहायलाच हवं. अगं, तेवढं काम मोबाइल आपला आपण करतो. त्यासाठी सरकारने तुला तिथे कशाला पाठवलं असतं?

तुझा अकोले तालुका नकाशावर एकदा नीट बघ. पश्चिमेला घाटघर, साम्रद, रतनवाडी ही गावं सह्याद्रीच्या कड्याला टेकलेली. तिथला वर्षाचा पाऊस काही हजार मिलिमीटर. पूर्वेला अकोले गाव मागे टाकून संगमनेरच्या अंगाला उतरलीस की तोच पाऊस पाचशेच्या आसपास येतो. आणि 'अहिल्यानगर जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस' हे वाक्य घाटघरपासून थेट जामखेडपर्यंत सगळ्यांना एकच. अंदाज खोटा नसतो, पण तो जिल्ह्याचा असतो. शेतकऱ्याला विचारायचं असतं ते त्याच्या भाताच्या खाचराबद्दल.

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा तुझ्याकडे सगळ्यात नाजूक. पश्चिम राजस्थानातून मोसमी पाऊस परतायला लागण्याची सर्वसाधारण तारीख 17 सप्टेंबर, मुंबईतून निघण्याची 8 ऑक्टोबर. म्हणजे तुझ्या डोंगरांतही तो याच सुमारास निरोप घेतो. पण त्याचं निरोप घेणं आपल्या पाहुण्यांच्या निरोपासारखं आहे, उंबऱ्यात उभं राहून अर्धा तास गप्पा. पश्चिमेचा वारा पडतो, पूर्वेकडून कोरडा वारा यायला लागतो, आकाश धुतल्यासारखं निळं होतं आणि सगळ्यांना वाटतं, गेला. जमीन मात्र अजून ओली असते. दुपारी ऊन चढतं, ती ओल वर उठते, डोंगराच्या उतारावरून आणखी वर ढकलली जाते आणि चारच्या सुमाराला गडगडाट सुरू. शेंडी गावात धो धो आणि बारी गावात धूळ, असाही दिवस बघशील.

म्हणून त्या आठवड्यात सकाळी दहा-अकराला आकाशाकडे बघायची सवय लाव. ढग तेव्हाच उंच उंच चढायला लागले असतील, तर दुपारनंतर बायामाणसांना खाचरात थांबू देऊ नकोस. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप वीज जवळपास असल्याचा इशारा देतं, ते लोकांच्या फोनवर स्वतः बसवून दे. पण दरीत रेंज नसते हे तुला एव्हाना कळलंच असेल. तिथे ॲपपेक्षा 'झाडाखाली उभं राहू नका' हे आधी सांगून ठेवलेलं जास्त उपयोगी.

सकाळचं बघणं वेगळं. दिवसा हजार मीटर वर गेलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते, म्हणून कळसूबाईच्या 1646 मीटरवर नवरात्राच्या यात्रेला गेलेले लोक कुडकुडत उतरतात. पण निरभ्र, शांत रात्री हे उलटं होतं. गार हवा जड, ती उतारावरून घरंगळून प्रवरेच्या खोऱ्यात साठते. पहाटे धुकं खाली आणि वरच्या वाडीवर लख्ख ऊन. खालच्या खाचरांत दव उशिरापर्यंत सुकत नाही, आणि लोंबीच्या मानेवर करपा रोग यायला त्याला तेवढंच हवं असतं. दाट लावलेल्या, वारा न खेळणाऱ्या भातात रस शोषणारे तपकिरी तुडतुडेही याच दिवसांत वाढतात. बांधावर उभं राहून ते दिसत नाहीत. आत शिरून चुडाच्या, म्हणजे रोपांच्या झुपक्याच्या, बुंध्याशी बघ. गोल करपलेले पट्टे दिसायला लागले की फार उशीर झालेला असतो.

पाऊस मोजायला महसूल मंडळाचं स्वयंचलित केंद्र आहे, पण एका मंडळात कितीतरी गावं येतात. तू चार-पाच गावांत सरळ कडांचे, सपाट तळाचे डबे ठेव. उघड्यावर ठेव, जवळच्या घराच्या किंवा झाडाच्या उंचीच्या दुप्पट लांब. वेधशाळेसारखं सकाळी साडेआठला पट्टीने मोज आणि वहीत लिही. शाळेतली पोरं हे काम आनंदाने करतात, मास्तरांनाही आवडतं. दहा मिलिमीटर म्हणजे एका गुंठ्यावर साधारण हजार लिटर पाणी, हा हिशेब लोकांना सांग. आकडा मग त्यांचा होतो.

आता नक्षत्रांचं. तुझ्या वयात नक्षत्रांना हसायची फॅशन असते. हसू नकोस आणि डोळे झाकून मानूही नकोस. सूर्य 10-11 ऑक्टोबरच्या सुमारास चित्रा नक्षत्रात जातो, 24 च्या आसपास स्वातीत. 'पडतील चित्रा तर भात न खाई कुत्रा. पडतील स्वाती तर पिकतील मोती.' पहिला अर्धा भाग तुझ्या पश्चिमेचा आहे. लवकर पिकणारं हळवं भात तेव्हा कापणीला आलेलं असतं, भिजलं की काळं पडतं, कोंब धरतं. दुसरा अर्धा पूर्वेचा, हरभरा-ज्वारी पेरायला ओल हवी असलेल्यांचा. स्वातीची तीच सर उशिरा पिकणारं गरवं भात कापून पसरलेल्या घाटघरच्या माणसाला मोती कशी वाटेल? एकाच तालुक्यात तोच पाऊस एकाच्या जमेला आणि दुसऱ्याच्या खर्चाला पडतो. मेळाव्यात 'चांगला पाऊस झाला' म्हणायच्या आधी समोर कोणत्या गावची माणसं बसली आहेत ते बघत जा.

समुद्रावरही लक्ष ठेव, कितीही लांब वाटला तरी. 2019 च्या ऑक्टोबरअखेर 'क्यार' चक्रीवादळ आपल्या किनाऱ्याला न टेकता अरबी समुद्रातून ओमानच्या दिशेने गेलं, तरी राज्यभर पाऊस लांबला आणि कापणीची पिकं कुजली. पुढच्याच वर्षी, 2020 च्या ऑक्टोबरच्या मध्यावर, बंगालच्या उपसागरातलं कमी दाबाचं क्षेत्र आंध्र, तेलंगण ओलांडून थेट सोलापूर-पुण्यापर्यंत आलं. स्थानिक ढग दुपारी जमतो आणि रात्री विरतो. समुद्राकडून आलेलं आभाळ सकाळपासून भरलेलं असतं, हटत नाही. हा फरक ओळखता आला की निम्मं काम झालं. मंगळवारी आणि शुक्रवारी येणारा कृषी हवामान सल्ला वाचताना कमी दाबाचा उल्लेख आहे का, ते आधी शोध.

लोक विचारतील, 'ताई, कापू का?' नुसतं हो किंवा नाही म्हणू नकोस. लोंबीतले ऐंशी ते नव्वद टक्के दाणे पिवळे झाले आहेत का, ते दोघांनी मिळून बघा. उभं भात एखादी सर सोसतं, कापून पसरलेलं सोसत नाही. कापणी, दोन-तीन दिवस वाळवण आणि पेंढ्या बांधून खळ्यावर नेणं एवढ्याला सलग तीन-चार कोरडे दिवस लागतात. ते मिळण्यासारखे असतील तर कापा, नसतील तर खाचराचं पाणी काढून थांबा. मिळतील असं वाटतंय पण खात्री नाही, असं असेल तर निम्मं कापा. आणि एकटीच्या बळावर सल्ला देऊ नकोस. कोणत्या खाचरात पाणी तुंबतं, कोणतं वाण पावसात लोळतं, हे तिथल्या म्हाताऱ्या बायांना तोंडपाठ असतं. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना 2020 सालची पद्मश्री मिळाली ती अशाच जपलेल्या बियाण्यांसाठी, आणि ते गाव तुझ्याच तालुक्यात आहे. एकदा जाऊन ये.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. ताडपत्री. दसऱ्यानंतर राजूरच्या बाजारात तिचा भाव चढतो आणि जाड माल आधी संपतो. ज्यांची खळी उघड्यावर आहेत त्यांची यादी याच आठवड्यात कर, आणि चार-पाच घरांनी मिळून एक मोठी घ्यायला तयार आहेत का, ते विचार. अनुदानाचा अर्ज भरून घे, पण त्याच्या भरवशावर कोणाला थांबवू नकोस.

तुझा,
काका