एसीसीचा (जवानातून अधिकारी व्हायच्या आर्मी कॅडेट कॉलेजच्या परीक्षेचा) अभ्यास करताना फिटनेस कसा टिकवू? (दोन महिन्यांच्या सुट्टीवर कोल्हापूरला आलोय, दिवसभर लायब्ररीत बसून असतो)

भावा, मीपण फौजेत असताना असाच अभ्यासाला बसलो होतो आणि व्यायाम पूर्ण सोडला, म्हटलं परीक्षा झाल्यावर बघू. युनिटला परत गेलो आणि बीपीईटीच्या (फौजेतल्या शारीरिक चाचणीच्या) ५ किमी धावण्याला तिसऱ्या किलोमीटरलाच पोटऱ्या दगडासारख्या झाल्या, दम तर लागलाच लागला. तेव्हा ती चूक तू करू नकोस. पळणं दोन-तीन आठवडे बंद पडलं की दम उतरायला लागतो, पण टिकवायला रोज दोन तास लागत नाहीत रे, अंतर कमी कर, जोरात पळणं सोडू नकोस. आठवड्यात तीनदा पहाटे रंकाळ्यावर जा, दोन दिवस आरामात पळ आणि एक दिवस ४०० मीटर जोरात, मग दोन मिनिटं चाल, असं सहा वेळा. उरलेल्या दिवशी घरीच जोर-बैठका आणि चिनअप, अर्ध्या तासात होतंय. आपल्या तालमीतले पैलवान पिढ्यान्‌पिढ्या ह्याच जोर-बैठकांवर तयार झालेत, जिमची फी भरायची गरज नाही.

लायब्ररीत तासाला एकदा उठच, बसून बसून मांडीचा पुढचा भाग आखडतो आणि मग कंबर धरते. आणि झोप कापून अभ्यास करू नकोस, सात तास पाहिजेतच, नाहीतर पाठ केलेलं पण राहत नाही. तांबडा-पांढरा रविवारी खा की, रात्री अकराला वडापाव तेवढा बंद कर.