तुमचे प्रश्न : सगळे म्युलर एकाच घरातले का?

यावेळी आलेल्या प्रश्नांत एकाच जर्मन आडनावाबद्दलचे प्रश्न इतके निघाले की बाकीचे पुढच्या अंकासाठी ठेवलेत आणि हे सगळे एकत्र घेतलेत.

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे, शाळेत जर्मन घेतलंय. परवा बोट क्लब रोडला मॅक्स म्युलर भवनात गेलो होतो, तर येताना तिने विचारलं की हे मॅक्स म्युलर, फुटबॉलमधला थॉमस म्युलर आणि रेडिएशन मोजायचा तो गायगर-म्युलर काउंटर, हे सगळे एकाच फॅमिलीतले का? काय सांगू तिला?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : ताई, तिला सांगा की अजिबात नाही, तिघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. म्युलर हे जर्मनीतलं सगळ्यात कॉमन आडनाव आहे, त्याच्यामागे श्मिट, श्नायडर, फिशर अशी रांग लागते आणि ही सगळीच धंद्यावरून पडलेली आडनावं आहेत, लोहार, शिंपी, कोळी अशी. म्युलर म्हणजे पाणचक्कीवर धान्य दळून देणारा. मध्ययुगात तिकडे ओढ्याकाठी चक्की असायची, बहुतेक वेळा ती जमीनदाराच्या नाहीतर मठाच्या मालकीची, आणि बऱ्याच भागात शेतकऱ्याने आपलं धान्य त्याच चक्कीवर न्यायचं असं बंधनच होतं. आपल्याकडे गावोगाव एकेक कुलकर्णी होता म्हणून आज महाराष्ट्रभर कुलकर्णी सापडतात आणि त्यांचं एकमेकांशी नातं असतंच असं नाही, तसंच हे. पुढे आडनावं कायमची झाली तेव्हा ज्या त्या गावचा म्युलर आपापला म्युलर राहिला, उत्तरेकडे त्याचंच म्योलर झालं, दक्षिणेत काही ठिकाणी मिलर.

आता यातली गंमत तुमच्या मुलीला नक्की आवडेल. ज्यांच्या नावाने ते भवन आहे त्या वेदांच्या अभ्यासकाला स्वतःलाच हे आडनाव फार कॉमन वाटायचं. जन्म १८२३ सालचा, डेसाऊ गावचा, नाव फ्रीडरिश मॅक्स आणि आडनाव म्युलर, पण नुसत्या म्युलरने कोण ओळखणार म्हणून त्यांनी पुढे मॅक्स हे आडनावालाच जोडून घेतलं. म्हणजे आपण पुण्यात मॅक्सम्युलर असं एका दमात म्हणतो ते त्यांच्या मनासारखंच आहे.

त्यांचे वडील विल्हेल्म म्युलर कवी होते आणि ते आपल्याकडे जवळजवळ कुणालाच माहीत नसतात याचं मला खरंच वाईट वाटतं. त्यांनी एक कवितामालिका लिहिली, त्यात एक तरुण चक्की-कामगार ओढ्याच्या मागेमागे चालत जातो, ओढा नेईल तिथे जायचं एवढंच त्याचं ठरलेलं, मग एका चक्कीवर त्याला काम मिळतं, मालकाच्या मुलीवर जीव जडतो, तिच्यासाठी तो राबतो, आणि मग हिरव्या कपड्यातला एक शिकारी येतो आणि तिचं मन तिकडे वळतं. शेवटी तो पोरगा त्याच ओढ्यात जीव देतो आणि ओढाच त्याला अंगाई म्हणतो. फ्रान्झ शूबर्टने १८२३ मध्ये यातल्या वीस कविता संगीतबद्ध केल्या, आणि १८२७ मध्ये विल्हेल्म म्युलरच्याच दुसऱ्या मालिकेतल्या चोवीस, त्यात एक माणूस थंडीत एकटाच गाव सोडून चालत निघतो. शूबर्ट आणि विल्हेल्म यांची आयुष्यात कधी भेट झाली नाही. विल्हेल्म १८२७ मध्ये गेले, तेहतीस पूर्ण व्हायला काही दिवस राहिले होते, तेव्हा छोटा मॅक्स चार वर्षांचाही नव्हता. ही गाणी आज जगभर गायली जातात, यूट्यूबवर सहज मिळतील, मुलीला जर्मन शिकताना ऐकवा, शब्द सोपे आहेत आणि कान तयार होतो.

आणि काउंटरवाला म्युलर म्हणजे वाल्टर म्युलर, तो हान्स गायगरचा पीएचडीचा विद्यार्थी होता. गायगरने आधी रदरफोर्ड या शास्त्रज्ञाबरोबर असं एक साधन बनवलं होतंच, पण आज वापरतात ती नळी १९२८ मध्ये या दोघांनी मिळून केली.

प्रश्न : मॅक्स म्युलर लोकमान्यांच्या ओळखीचे होते म्हणतात, ते खरं का? ते पुण्यात आले होते का? आणि दुसरीकडे त्यांना इंग्रजांचा हस्तक म्हणणारेही खूप आहेत, त्यावर तुमचं मत काय?
– एक निवृत्त शिक्षक, सदाशिव पेठ

उत्तर : सर, पुण्यातच काय, ते भारतात कुठेच कधी आले नाहीत. सगळं आयुष्य आधी जर्मनीत, मग थोडं पॅरिसला आणि पुढे ऑक्सफर्डला गेलं, १९०० साली तिथेच ते वारले. पण ऋग्वेदाची सायणभाष्यासकट, म्हणजे सायणाचार्यांच्या जुन्या टीकेसकट, छापील आवृत्ती त्यांनी काढली, १८४९ ते १८७४, सहा खंड, खर्च सुरुवातीला ईस्ट इंडिया कंपनीने उचलला. त्यावर स्वतःचं नाव त्यांनी संस्कृतात मोक्षमूलर असं घातलंय आणि ऑक्सफर्डचं गोतीर्थ केलंय.

लोकमान्यांचं म्हणाल तर ते खरं आहे. टिळकांचं वेदांच्या काळावरचं ओरायन हे पुस्तक १८९३ मध्ये आलं होतं त्यामुळे म्युलरना ते वेदांचे अभ्यासक म्हणून माहीत होते. १८९७ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली, तेव्हा म्युलरनी आपल्या ऋग्वेदाची दुसरी आवृत्ती त्यांना तुरुंगात पाठवली, आणि त्यांना सोडावं म्हणून राणीकडे जो अर्ज गेला त्यावर दादाभाई नौरोजी, विल्यम हंटर यांच्याबरोबर म्युलरचीही सही होती. सप्टेंबर १८९८ मध्ये टिळक मुदतीआधी सुटले. पुढे आर्क्टिक होम हे पुस्तक त्यांनी लिहिलं त्यात या पुस्तकभेटीचा उल्लेख आहे.

हस्तक या शब्दाशी मी सहमत नाही, पण त्यांच्यावर आक्षेप घेणाऱ्यांचं सगळंच खोटं आहे असंही नाही. भारत हळूहळू ख्रिस्ती धर्माकडे वळेल अशी आशा त्यांच्या पत्रांमधून स्पष्ट दिसते आणि ती लपवून त्यांचं कौतुक करणं बरोबर नाही. पण ज्या माणसाने उमेदीची पंचवीस वर्षं एका ग्रंथाच्या हस्तलिखितांवर घालवली, आणि आर्य हा शब्द भाषेपुरता आहे, त्याचा रक्ताशी, कवटीच्या मापाशी संबंध जोडू नका असं १८८८ मध्ये स्वच्छ लिहून ठेवलं, त्याला एका शब्दात निकालात काढणं मला पटत नाही. दोन्ही बाजू एकाच माणसात होत्या, तशाच त्या वाचाव्यात.

एक मात्र मुद्दाम सांगतो. पुण्यात खरोखर राहून संस्कृत शिकवणारे जर्मन वेगळे होते. मार्टिन हाउग १८५९ मध्ये पूना कॉलेजात आले, तेच पुढचं डेक्कन कॉलेज, त्यांनी ऐतरेय ब्राह्मण संपादित केलं आणि पारशी धर्मग्रंथांवरही मोठं काम केलं. ते १८६६ मध्ये परत गेले आणि त्याच वर्षी फ्रान्झ कीलहॉर्न आले, ते १८८१ पर्यंत होते. पतंजलीच्या महाभाष्याची त्यांची आवृत्ती आजही अभ्यासक हातात घेतात, आणि त्यांच्यामागून डेक्कन कॉलेजात त्या जागेवर आपले रा. गो. भांडारकर आले. हाउग आणि कीलहॉर्न या दोघांची नावं शहरात जास्त लोकांच्या तोंडी असायला हवी होती असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : गेर्ड म्युलर थॉमस म्युलरचा काका का? दोघं बायर्न म्युनिकचे, दोघंही जर्मनीकडून १३ नंबर घालायचे.
– एक फुटबॉलवेडा, पिंपळे सौदागर

उत्तर : काका नाही, कोणीच नाही. पण भेट मात्र खरी आहे, थॉमस बायर्नच्या दुसऱ्या टीमकडून खेळत होता तेव्हा तिथे असिस्टंट कोच गेर्ड म्युलर होता. थॉमसने २०१० च्या वर्ल्ड कपमध्ये पाच गोल करून गोल्डन बूट घेतला आणि २०१४ ला कप जिंकला, त्याचं तुम्हाला माहीत असेलच, म्हणून गेर्डबद्दल लिहितो. ६२ इंटरनॅशनल मॅचेसमध्ये ६८ गोल, म्हणजे मॅचपेक्षा गोल जास्त! बुंडेसलीगात, म्हणजे जर्मनीच्या लीगमध्ये, ३६५, ते अजून कोणी मोडलेले नाहीत. १९७२ या एका कॅलेंडर वर्षात ८५ गोल, ते मोडायला २०१२ मध्ये मेस्सी यावा लागला. बुटका, जाड मांड्यांचा, दिसायला अजिबात हिरो नाही. १९७४ च्या वर्ल्ड कपची फायनल म्युनिकमध्ये, समोर क्रॉयफची हॉलंड टीम, १-१ असताना हाफ टाइमच्या जरा आधी उजवीकडून बोनहोफने पास दिला तो म्युलरच्या थोडा मागे पडला, दुसऱ्या कुणाचा चान्स गेला असता, हा पठ्ठ्या पाऊल मागे घेऊन जागच्या जागी फिरला आणि बॉल जमिनीलगत सरळ जाळीत. व्हिडिओ बघा, त्यात ताकद नाहीये, वेळ आहे फक्त. तोच मॅचचा शेवटचा गोल ठरला आणि जर्मनीकडून त्याचाही शेवटचा, त्यानंतर तो टीमकडून खेळलाच नाही. २०२१ मध्ये गेला.

प्रश्न : तुम्ही लोक म्युलर म्हटलं की पुरुषांचीच नावं सांगता. एखादी बाई नाही का त्या आडनावाची, जिच्याबद्दल मुलींना सांगता येईल?
– एक वाचक, कर्वेनगर

उत्तर : आहे ना, आणि मला विचाराल तर या सगळ्या यादीत आधी तिचंच नाव घ्यावं. हेर्टा म्युलर, २००९ चं साहित्याचं नोबेल. जन्म १९५३, पण जर्मनीत नाही तर रुमानियातल्या बनात भागात, निट्स्कीडॉर्फ नावाच्या जर्मन बोलणाऱ्या गावात. युद्ध संपताना रुमानियातल्या अशा जर्मन लोकांना सोव्हिएत युनियनमध्ये सक्तीच्या मजुरीला नेलं, हेर्टाबाईंच्या आईची पाच वर्षं त्या छावणीत गेली, आणि गावात त्याबद्दल बोलायची सोय नव्हती.

शिकून त्या एका कारखान्यात भाषांतराचं काम करायला लागल्या, मशीनची माहितीपत्रकं वगैरे. तिथे रुमानियाचा हुकूमशहा चाउशेस्कू याच्या गुप्त पोलिसांनी आमच्यासाठी खबरी हो म्हणून गळ घातली, त्यांनी नाही म्हटलं. मग सुरू झाला छळ. एके दिवशी ऑफिसला आल्या तर त्यांची खोली दुसऱ्याला दिलेली, आत पाऊल टाकायची बंदी. पण कामावर हजर नाही म्हणून काढून टाकायला निमित्त मिळू नये, म्हणून त्यांनी जिन्याच्या पायरीवर रुमाल पसरला, त्यावर बसल्या आणि मांडीवर जाडजूड डिक्शनऱ्या घेऊन तिथेच भाषांतर करत राहिल्या. नोबेलच्या भाषणात त्यांनी हा प्रसंग सांगितलाय, आणि त्या भाषणाची सुरुवातच रुमालापासून आहे, रोज सकाळी घराच्या फाटकाशी आई विचारायची रुमाल घेतलास का, आणि त्या मुद्दाम तो विसरायच्या, कारण आईची माया तेवढ्या एका प्रश्नातूनच बाहेर यायची.

शेवटी नोकरी गेलीच. पुस्तकं लिहिली त्यावर सेन्सॉरची कात्री चालली, १९८७ मध्ये त्या पश्चिम जर्मनीत गेल्या. मजुरीच्या छावणीवरची त्यांची कादंबरी नोबेलच्याच वर्षी आली, छोटी छोटी प्रकरणं आहेत आणि भुकेवर इतकं नेमकं लिहिलेलं मी दुसरीकडे वाचलेलं नाही. कॉलेजच्या मुलींनी जरूर वाचावं, त्याहून लहान असतील तर आधी ते नोबेलचं भाषण द्या, इंग्रजीतून नेटवर फुकट आहे.

प्रश्न : डीडीटी शोधणाराही म्युलरच ना?
– एक वाचक, हडपसर

उत्तर : हो, पाउल हेरमान म्युलर, पण तो स्विस, बाझेल शहरातला. रसायन म्हणून डीडीटी १८७४ मध्येच दुसऱ्याने बनवलं होतं, ते किडे मारतं हे याने १९३९ मध्ये दाखवलं आणि १९४८ मध्ये डॉक्टर नसतानाही वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्याकडे १९५३ पासून मलेरियाच्या मोहिमेत घराघरात भिंतींवर फवारलं ते हेच. नंतर पक्ष्यांवर, अन्नसाखळीवर होणारे परिणाम कळले आणि अमेरिकेने १९७२ मध्ये बंदी घातली. दुसरा स्विस म्युलर के. अलेक्स, त्याने बेडनोर्ट्झबरोबर १९८६ मध्ये आधीच्यांपेक्षा जास्त तापमानाला चालणारा सुपरकंडक्टर, म्हणजे विजेला अजिबात विरोध न करणारा पदार्थ, शोधला आणि लगेच पुढच्या वर्षी फिजिक्सचं नोबेल. आणि एक्स-रेने जनुकांत बदल होतात हे दाखवणारा, १९४६ चा नोबेलवाला हेरमान म्युलर हा अमेरिकन, त्याच्या नावात यू वरची दोन टिंबं नाहीत.

प्रश्न : चाकणला आमच्या कंपनीत जर्मनीहून नवीन मॅनेजर येतायत, आडनाव म्युलर. हाक कशी मारायची आणि ईमेलमध्ये यू वरची ती टिंबं कशी टाइप करायची?
– एक वाचक, भोसरी

उत्तर : पहिल्या भेटीत पुरुष असतील तर हेर म्युलर, बाई असतील तर फ्राउ म्युलर. त्यांनी आपणहून पहिलं नाव सांगून तसं बोलवा म्हटलं की मगच पहिल्या नावावर या, घाई नको. उच्चार करताना ओठ ऊ म्हणताना करतो तसे गोल ठेवायचे आणि आतून ई म्हणायचं, दोन-चार वेळा केलं की जमतं. टिंबं टाइप होत नसतील तर यू नंतर ई टाका, जर्मन लोकही तसंच करतात आणि म्युलर भवनच्या पाटीवरही तसंच आहे. नुसता यू टाकू नका, आणि ईमेल आयडी किंवा गेट पास बनवायच्या आधी त्यांच्या पासपोर्टवर खाली मशीनसाठी छापलेल्या ओळीत स्पेलिंग कसं आहे ते एकदा बघून घ्या.