देऊळ बांधून जात कशी मोडणार?

प्रश्न: केरळच्या नारायण गुरूंनी जातिभेदाविरुद्ध खूप मोठं काम केलं असं सगळे सांगतात, पण त्यांनी तर ठिकठिकाणी देवळंच बांधली ना? आपल्याकडे काळारामाच्या दारात १९३० ला काय झालं ते आपल्याला माहितीये. ज्या देवळाने माणसाला बाहेर ठेवलं तसलंच अजून एक बांधून जात कशी मोडणार? मला हे खरंच पटत नाहीये.

उत्तर: तुमची शंका रास्त आहे, मलाही आधी हेच वाटायचं. पण आधी तिथली परिस्थिती बघा. गुरू ज्या ईळव जातीत जन्मले ती माडी काढणारी, शेतात राबणारी जात, त्रावणकोरमध्ये, म्हणजे केरळच्या दक्षिणेकडच्या संस्थानात, त्यांना मोठ्या देवळात जाणं तर सोडाच, काही देवळांभोवतीच्या रस्त्यावरून चालायचीही बंदी होती, आणि वरच्या जातीच्या माणसापासून किती पावलं लांब राहायचं तेसुद्धा ठरलेलं. शिकूनही सुटका नाही. ईळवांतलेच डॉ. पल्पू डॉक्टर झाले तरी जातीमुळे त्यांना त्रावणकोरने नोकरी दिली नाही, मग म्हैसूर संस्थानात जाऊन काम करावं लागलं.

अशा ठिकाणी १८८८ च्या शिवरात्रीला अरुविप्पुरमला गुरूंनी नेय्यार नदीतून एक दगड वर काढला आणि शिव म्हणून त्याची प्रतिष्ठापना केली. बस, एवढंच. पण प्रतिष्ठापना करायचा हक्क फक्त ब्राह्मणाचा मानला जायचा, म्हणजे ज्या गोष्टीवर सगळी उतरंड उभी होती तिलाच त्यांनी हात घातला, तेही कुणाची परवानगी न मागता. हा अधिकार तुम्हाला कोणी दिला असं विचारलं तेव्हा ते म्हणाले की मी ईळवांचा शिव बसवलाय, असं सांगतात. मला हे उत्तर फार आवडतं. भांडण नाही, शास्त्रार्थ नाही, आणि समोरच्याला बोलायला जागाच उरत नाही, कारण ईळवांच्या शिवावर हक्क सांगायचा तर आधी ईळवांना जवळ करावं लागेल! आणि त्याच जागेवर त्यांनी लिहून ठेवलं की जातीचा भेद आणि धर्माचा द्वेष नसलेली, सगळे भावासारखे राहतात अशी ही आदर्श जागा आहे. म्हणजे हे देऊळ एका जातीपुरतं ठेवायचं नाही हे तिथेच स्पष्ट झालं.

आता तुमचा मुख्य मुद्दा, देवळंच का. पुढे काय काय झालं ते बघा म्हणजे कळेल. अरुविप्पुरमच्या देवळाचं काम बघणाऱ्या मंडळींतूनच १९०३ मध्ये श्री नारायण धर्म परिपालन योगम ही संस्था उभी राहिली, गुरू अध्यक्ष, कवी कुमारन आशान सेक्रेटरी, डॉ. पल्पूंचा पुढाकार. शाळा, शाळाप्रवेश, सरकारी नोकऱ्या हे विषय त्यांनी लावून धरले. १९१२ ला शिवगिरीला देऊळ केलं तर ते शारदेचं, विद्येचं. आणि १९१७ च्या सुमारास गुरू स्वतःच सांगायला लागले की आता देवळं बांधायला प्रोत्साहन देऊ नका, विद्यालय हेच मुख्य देऊळ. पुढे एका ठिकाणी मूर्तीऐवजी दिवा ठेवला आणि १९२७ ला कळवंकोडला तर चक्क आरसा बसवला, त्यावर ॐ. दर्शनाला गेलात की स्वतःचा चेहरा दिसणार. दगड, दिवा, आरसा असा हा प्रवास आहे, त्यामुळे फक्त पहिलं देऊळ बघून मत बनवू नका एवढंच म्हणणं आहे माझं.

आणि दुसऱ्यांच्या देवळाचा प्रश्न त्यांनी सोडून दिला असंही नाही, वैकोमच्या सत्याग्रहाला त्यांचा पाठिंबा होता, पैसेही दिले. त्रावणकोरमधल्या वैकोमचा तो सत्याग्रह १९२४ ला सुरू झाला तो देवळात शिरण्यासाठी नव्हे, नुसता देवळाभोवतीचा रस्ता वापरायला मिळावा म्हणून! गुरू १९२८ ला गेले, त्रावणकोरचा मंदिरप्रवेशाचा जाहीरनामा आला १९३६ ला.

प्रश्न: मग ते शेवटी ईळवांचेच गुरू राहिले ना?

उत्तर: लोकांनी तसं करायचा प्रयत्न खूप केला. म्हणून तर १९१६ ला त्यांना जाहीर सांगावं लागलं की जात आणि धर्म सोडून आम्हाला बरीच वर्षं झालीत. ईळवसुद्धा त्यांच्याहून खालच्या मानलेल्या पुलय जातीच्या लोकांना शिवून घ्यायचे नाहीत हे त्यांना दिसत होतं. शिष्य सहोदरन अय्यप्पन यांनी १९१७ ला चेराईला पुलयांबरोबर सहभोजन घातलं तेव्हा ईळवांनीच त्यांना वाळीत टाकलं, 'पुलयन अय्यप्पन' म्हणून हिणवलं. गुरू अय्यप्पनच्या बाजूने उभे राहिले, आणि पुढे स्वतःच्या हाताने लिहून दिलं की माणसांचा धर्म, वेष, भाषा काहीही असो, जात माणूस ही एकच, म्हणून एकमेकांत जेवायला आणि लग्नं करायला काहीच हरकत नाही.