‘थ्रिलर’ची सही असलेली एलपी घ्यावी का?

विचारलंय ते असं: नव्या पेठेत मायकल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’ या अल्बमची जुनी एलपी, म्हणजे मोठी तबकडी, आहे, विक्रेता म्हणतो १९९६च्या मुंबईच्या कार्यक्रमात घेतलेली सही आहे, म्हणून भाव जास्त. घ्यावी का?

रेकॉर्ड म्हणून जरूर घ्या, सहीचे पैसे मात्र देऊ नका. १ नोव्हेंबर १९९६चा अंधेरीचा कार्यक्रम खरा, पण तेवढ्यावरून सही खरी ठरत नाही. सही घेतानाचा फोटो किंवा पहिल्या मालकापासूनचा कागदोपत्री माग मागा. भिंगातून बघा: रेघेत बारीक ठिपके दिसले तर ती छापलेली आहे. पेनाची शाई चकचकीत कागदावर वेगळी उठून दिसते, कव्हर तिरकं धरलं की लगेच कळतं. रेकॉर्डच्या लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेला क्रमांक असतो. तो डिस्कॉग्ज या रेकॉर्डांची माहिती देणाऱ्या संकेतस्थळावर ताडून बघितला की ही प्रत कुठली, कुठल्या सालची, ते बहुतेक वेळा सापडतं. आणि खरोखर वाजवून ऐका हो, सगळेच ओरखडे नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत!

जॅक्सन अजून जिवंत आहे, ही अफवा सोडून द्या. २५ जून २००९ ला तो प्रोपोफॉल या भुलीच्या औषधाच्या अतिमात्रेने गेला, त्याच्या डॉक्टरला २०११ मध्ये दोषी ठरवलं गेलं. चाहत्यांनी हे पसरवू नये असं मला मनापासून वाटतं, त्याला मुलं आहेत.

आता ‘थ्रिलर’मधली गाणी: ‘बिली जीन’ की ‘बीट इट’? माझं मत ‘बिली जीन’ला. ‘बीट इट’मधलं एडी व्हॅन हेलनचं गिटार जबरदस्तच, पण ‘बिली जीन’चा बेस सुरू झाला की दुसरं काही सुचतच नाही.