वॉर्डाची खिडकी उघडी आहे का?

प्रश्न : आईचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं. शेजारच्या खाटेवरचे आजोबा महिनाभर खोकत होते, आता त्यांना एमडीआर टीबी निघालाय. आईला टीबी कधीच नव्हता. तरी तिला हा होऊ शकतो? (हडपसर)

हो, होऊ शकतो. एमडीआर म्हणजे टीबीच्या दोन मुख्य औषधांना दाद न देणारा टीबी. गोळ्या अर्धवट सोडणाऱ्यालाच असा टीबी होतो, हा समज आपल्याकडे घट्ट आहे. पण औषधांना न जुमानणारे जंतू दुसऱ्याच्या खोकल्यातून थेट छातीत उतरतात. दक्षिण आफ्रिकेतल्या टुगेला फेरी या गावात २००५-०६ मध्ये बहुतेक प्रमुख औषधांना दाद न देणाऱ्या टीबीचे ५३ रुग्ण सापडले. त्यातले ५२ दगावले. ज्यांची एचआयव्ही तपासणी झाली त्या सगळ्यांना एचआयव्ही होता. निम्म्याहून अधिकांवर पूर्वी टीबीचे उपचारच झाले नव्हते, मात्र बरेच जण नुकतेच रुग्णालयात राहून गेले होते. बरे व्हायला गेले आणि तिथेच आजार घेऊन आले. हे मला आजही अस्वस्थ करतं.

डायलिसिस थांबवू नका. डॉक्टरांना आजच सांगा, छातीचा एक्स-रे काढा. डायलिसिसच्या रुग्णांत खोकला नसतानाही टीबी असू शकतो. रेंगाळणारा ताप, घटणारं वजन, मानेतली गाठ यांकडे लक्ष ठेवा. बेडका मिळाला तर सीबीनॅट तपासणीत टीबी आहे का आणि रिफॅम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध चालेल का, हे साधारण दोन तासांत कळतं.

प्रश्न : मी परिचारिका आहे. टीबीच्या रुग्णाजवळ एन-९५ घालते. एवढं पुरे? (येरवडा)

ताई, निदान होऊन योग्य औषध सुरू झालेल्या रुग्णापेक्षा मला भीती वाटते ती निदान न झालेल्याची. ‘ॲसिडिटी’ म्हणून दाखल झालेला, रात्रभर खोकणारा माणूस! दाखल करतानाच प्रत्येकाला खोकल्याचं विचारा. खोकणाऱ्याला साधा मास्क द्या, एचआयव्ही, केमोथेरपी, मधुमेहाच्या रुग्णांपासून दूर ठेवा.

आणि खिडक्या. पेरूमधल्या लिमा शहरात मोजमाप केलं, तेव्हा उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या जुन्या वॉर्डांत हवा सर्वांत चांगली खेळती निघाली. आपण मात्र डिसेंबरात थंडीमुळे आणि पावसाळ्यात डासांमुळे त्या बंद करतो. जाळ्या बसवून घ्या, पण खिडक्या उघड्या ठेवा. भिंतीवरचा एसी तीच हवा फिरवत राहतो.

प्रश्न : घरात भांडी वेगळी ठेवावीत? (कोथरूड)

नको. टीबी हवेतून पसरतो, ताटावाटीतून नाही.

प्रश्न : भावाला एमडीआर आहे. दोन वर्षं इंजेक्शनं घ्यावी लागतील का? (भोसरी)

ते दिवस गेले. बेडाक्विलीन, प्रिटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन या चार औषधांच्या सहा महिन्यांच्या उपचाराला २०२४ मध्ये केंद्र सरकारने मान्यता दिली. सगळ्यांना तो चालत नाही. भावासाठी कोणता योग्य, ते जिल्हा क्षयरोग केंद्रातून ठरेल. सरकारी औषधं मोफत आहेत, शिवाय निक्षय पोषण योजनेचे महिना १००० रुपये मिळतात. बँक खात्याची नोंद करून घ्या. लिनेझोलिडने पायांना मुंग्या आल्या किंवा धूसर दिसू लागलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नका.